गोठवलेला पगार आणि विद्यापीठाची हाताची घडी

आपल्या आवारात काम करणाऱ्या पोस्टडॉक संशोधकांसाठी विद्यापीठाने किमान वेतन ठरवावे, अशी सूचना कुणी केली की एक ठरलेले उत्तर येते. पैसे देणारी संस्था दिल्लीत, दर ठरवणारे खाते दिल्लीत, नेमणूक प्रकल्पापुरती. यात विद्यापीठाचा संबंध येतोच कुठे? या उत्तराला जोड म्हणून आणखी दोन-तीन गोष्टी सांगितल्या जातात. पोस्टडॉक हा प्रशिक्षणाचा काळ आहे, त्याला नोकरीचे नियम लावू नयेत. दर वाढवले तर जागा कमी होतील. आणि संशोधन हे काही पगाराकडे बघून करायचे काम नव्हे. ही सगळी मांडणी वर्षानुवर्षे चालत आली आहे आणि तिच्यामागे बऱ्याच प्रामाणिक प्राध्यापकांचा अनुभवही आहे, म्हणून ती झटकून टाकण्यापेक्षा तपासून पाहणे बरे. तपासली तर ती टिकत नाही. दिल्लीतून येणारा दर दोन आदेशांच्या मधल्या काळात झिजतो, कारण त्याची रचनाच तशी आहे. ही झीज थांबवण्याची ताकद आणि जबाबदारी, दोन्ही विद्यापीठाकडे आहेत.

आधी आकडे पाहू. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे (डीएसटी) फेलोशिपचे आदेश हा आपल्याकडचा प्रमाण दर मानला जातो. पीएच.डी.नंतर प्रकल्पावर काम करणाऱ्याला ‘रिसर्च असोसिएट’ म्हणून नेमतात आणि त्याच्या तीन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीचा दर 2010 मध्ये 22 हजार रुपये होता. ऑक्टोबर 2014 पासून तो 36 हजार झाला, जानेवारी 2019 पासून 47 हजार आणि जानेवारी 2023 पासून 58 हजार. वरच्या दोन पायऱ्या आज 61 आणि 67 हजारांवर आहेत. शहराप्रमाणे घरभाडे भत्ता वेगळा मिळतो. महागाई भत्ता मिळत नाही. ‘11 हजारांची घसघशीत वाढ’ असे मथळे 2023 मध्ये येऊन गेले, आणि एखादा आकडा एकटाच वाचला की तो घसघशीत वाटतोच.

तो शेजारच्या आकड्याबरोबर वाचायला हवा. पोस्टडॉकच्या बाजूच्या खोलीत नव्याने रुजू झालेला सहायक प्राध्यापक बसतो. दोघांची पदवी तीच, वय साधारण तेच, बऱ्याचदा विषयही तोच. सातव्या वेतन आयोगानुसार त्याचे प्रवेशाचे मूळ वेतन 57,700 रुपये. त्यावर महागाई भत्ता, जो केंद्राच्या दराने वर्षातून दोनदा वाढतो. आता गुणोत्तर काढा, घरभाडे दोन्हीकडे बाजूला ठेवून. ऑक्टोबर 2014 मध्ये, जुन्या वेतनश्रेणीत 107 टक्के महागाई भत्ता धरून, पोस्टडॉकला सहायक प्राध्यापकाच्या सुमारे 80 टक्के मिळत होते. मधे सातवा आयोग आला, प्राध्यापकाचा पाया उचलला गेला, पोस्टडॉक मात्र 36 हजारांवरच थांबला. 2018 अखेर हे प्रमाण 57 टक्क्यांवर आले. 2019च्या आदेशाने ते 73 वर नेले. 2022 संपताना पुन्हा 59. 2023च्या आदेशाने 71. आणि जुलै 2025 पासून महागाई भत्ता 58 टक्के झाला, तेव्हा प्रवेशस्तरावरच्या प्राध्यापकाचे वेतन 91,166 रुपये आणि पोस्टडॉकचे तेच 58 हजार, म्हणजे 64 टक्क्यांच्या खाली. आठवा आयोग लागू होईल तेव्हा हे प्रमाण कुठे जाईल, याचा अंदाज 2018च्या आकड्यावरून बांधता येतो.

वाढ होते, ती चार-पाच वर्षे महागाईत विरघळते, मग देशभरचे संशोधक मोर्चे काढतात, फलक धरतात, समाजमाध्यमांवर मोहिमा चालवतात आणि पुन्हा एक वाढ पदरात पडते. त्या वाढीला उपकाराचे रूप येते ते यामुळेच. दोन आदेशांच्या मधल्या काळात पोस्टडॉक झालेल्या माणसाच्या हाती मात्र काहीच पडत नाही. त्याची दोन-तीन वर्षांची मुदत संपते आणि वाढ पुढच्याला मिळते. शिक्षक संघटनांनी महागाई भत्त्याचा हक्क किती चिवटपणे राखला आहे हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. थकीत हप्ता सहा महिने लांबला तरी निवेदने निघतात, आणि ती निघायलाच हवीत. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर काम करणाऱ्या माणसाला मात्र महागाई लागत नाही, असे आपण गृहीत धरतो.

म्हणून मागणी कोणत्या आकड्याची आहे, ते नेमके सांगतो. कोणत्याही पोस्टडॉकचे वेतन, घरभाडे सोडून, त्या-त्या वेळच्या सहायक प्राध्यापकाच्या महागाई भत्त्यासह प्रवेश वेतनाच्या 70 टक्क्यांखाली जाऊ नये. 70 हा आकडा मनाने काढलेला नाही. 2019 आणि 2023 या दोन्ही वेळी केंद्र सरकारने स्वतः जो दर योग्य ठरवला तो त्या दिवशी 70च्या किंचित वरच होता. म्हणजे सरकारने ज्याला न्याय्य मानले तेच पुढची चार वर्षे न्याय्य राहावे, एवढेच मागणे. जुलै 2025च्या हिशेबाने ही तळरेषा 63,816 रुपये येते.

यावर लगेच विचारले जाते की प्रमाण दर केंद्राचा असताना विद्यापीठाने मधे पडायचे कशाला. पण तो प्रमाण दर प्रत्यक्षात एकच असतो का? 2023चा नवा आदेश निघाला तेव्हाची स्थिती पाहा. एका विभागात, एका गाइडकडे तीन पोस्टडॉक आहेत अशी कल्पना करू. एक डीएसटीच्या प्रकल्पावर, त्याला 58 हजार आणि पुण्यासारख्या शहरात तेव्हाच्या 27 टक्क्यांनी घरभाडे, म्हणजे 73,660. दुसरी एसईआरबी या तेव्हाच्या केंद्रीय संशोधन मंडळाच्या नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपवर, जी देशपातळीवरची निवड पार करून मिळते. तिला एकत्रित 55 हजार, घरभाडे त्यातच. तिसरा यूजीसीच्या डॉ. एस. राधाकृष्णन फेलोशिपवर, ती 2022च्या शिक्षक दिनी दरमहा 50 हजारांनी सुरू झाली. तिघे एकाच उपकरणावर रात्रपाळी लावतात, एकाच शोधनिबंधावर तिघांची नावे असतात. समाजविज्ञान आणि भाषांच्या बाजूला गेलात तर आकडे आणखी खाली. म्हणजे दिल्लीतही एक दर नाही. तिथे प्रत्येक खात्याचा वेगळा दर आहे, प्रत्येकाची वाढ वेगळ्या वर्षी होते, आणि ते सगळे ज्या एकाच ठिकाणी एकत्र येतात ते ठिकाण म्हणजे विद्यापीठ. तळरेषा ओढायची तर ती इथेच ओढता येते.

नेमणुकीची जबाबदारी आपली नाही, असे विद्यापीठ म्हणते तेव्हा महिन्याचे बिल कसे निघते तेही बघायला हवे. नेमणूकपत्रावर कुलसचिवांची सही असते. महिनाअखेर हजेरीचे प्रमाणपत्र गाइड देतो, विभागप्रमुख ते पुढे पाठवतो, वित्त व लेखा विभागात प्रकल्पाच्या खात्यावर शिल्लक आहे का ते पाहिले जाते. शिल्लक नसेल तर बिल परत येते. शिल्लक का नाही? कारण दुसरा हप्ता आलेला नाही. हप्ता का नाही? कारण मागच्या वर्षाचे यूटिलायझेशन सर्टिफिकेट गेलेले नाही. ते का गेले नाही? कारण त्यावर लेखा विभागाचीच सही व्हायची आहे. ही साखळी ज्याने पाहिली आहे त्याला ‘आमचा संबंध नाही’ हे वाक्य ऐकून हसू येईल. तीन-तीन महिने पगार नाही आणि तरीही प्रयोगशाळेत रोज हजेरी, हे दृश्य राज्यातल्या कुठल्याही मोठ्या विद्यापीठात अनोळखी नाही. सहायक प्राध्यापकाचा पगार असा तीन महिने अडला तर काय होईल, याची कल्पना प्रत्येकाने करून पाहावी.

प्रशिक्षणाच्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटते, कारण तो खोडून काढणारा कागद विद्यापीठांच्या कपाटातच आहे. यूजीसीच्या 2018च्या शिक्षक नेमणूक नियमावलीत सहायक प्राध्यापक पदाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडण्याची गुणतालिका आहे. तिच्यात अध्यापनाचा किंवा पोस्टडॉकचा अनुभव एकाच ओळीत, एकाच मापाने मोजला आहे: एका वर्षाला 2 गुण, जास्तीत जास्त 10. शिकवणारा आणि पोस्टडॉक, दोघांनाही सारखेच. तोच नियामक म्हणतो की हे वर्ष म्हणजे कामाचे वर्ष. नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालाच्या आजवरच्या नमुन्यात संशोधनाच्या निकषाखाली जेआरएफ, एसआरएफ, पोस्टडॉक आणि रिसर्च असोसिएट यांची पाच वर्षांची संख्या विचारली जाते, आणि ती भरताना एकाही विद्यापीठाला ‘हे आमचे नव्हेत, दिल्लीचे आहेत’ असे म्हणावेसे वाटत नाही. श्रेणी मिळवताना आपला आणि पगाराच्या वेळी परका, असा हा माणूस. शिवाय प्रशिक्षण म्हणजे नेमके कशाचे? उपकरणाची खरेदी, निविदांचे तीन कोटेशन, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना प्रयोग शिकवणे, शोधनिबंधाचा पहिला मसुदा, आणि गाइडच्या पुढच्या प्रकल्पाचा प्रस्ताव, ही सगळी कामे प्रशिक्षणार्थी करत असेल तर प्रशिक्षक काय करतो, हा प्रश्न मी सौजन्य म्हणून विचारत नाही.

आता पैशाचे बोलू, कारण खरा आक्षेप तिथे आहे आणि तो गंभीर आहे. राज्य विद्यापीठे श्रीमंत नाहीत; मंजूर पदे रिकामी, अनुदान तोकडे. तळरेषेचा बोजा किती, ते मोजू. 63,816 आणि 58,000 यांतला फरक 5,816 रुपये. त्यावर 30 टक्के घरभाडे धरले तर महिन्याला सुमारे 7,560, वर्षाला सुमारे 91 हजार. समजा विद्यापीठात असे 50 पोस्टडॉक आहेत. एकूण बोजा साडेपंचेचाळीस लाखांच्या आसपास. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांचे अर्थसंकल्प शेकडो कोटींचे असतात. आणि दुसऱ्या बाजूला ओव्हरहेड आहे. प्रकल्प किंवा फेलोशिप आली की यजमान संस्थेला वेगळी रक्कम मिळते; नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपमध्ये ती वर्षाला 1 लाख रुपये आहे. म्हणजे एका पोस्टडॉकच्या येण्याने संस्थेच्या तिजोरीत जे पडते ते त्याची तूट भरून काढायला पुरून थोडे उरते. ओव्हरहेड हा फुकटचा पैसा नाही, हे मान्य. वीज, पाणी, इंटरनेट, लेखापरीक्षण, देखभाल यांसाठी तो असतो, आणि या गोष्टींचा खर्च खरा आहे. ज्यांची फेलोशिप मुळातच 50 हजारांची आहे त्यांची तूट जास्त भरावी लागेल, हेही खरे. पण प्रश्न प्राधान्याचा आहे. प्रयोगशाळेत माणूस टिकवणे हा संशोधनाच्या पायाभूत खर्चात बसत नसेल, तर त्या खर्चात आणखी काय बसते?

जागा कमी होतील, ही भीती दुसरीकडे कशी ठरली ते पाहता येते. अमेरिकेत 2016 मध्ये ओबामा सरकारने ओव्हरटाइमच्या नियमातली पगाराची मर्यादा वार्षिक 47,476 डॉलरपर्यंत नेली. 1 डिसेंबरपासून ती लागू होणार होती आणि पोस्टडॉक तिच्या कक्षेत येत होते. विद्यापीठांनी तक्रारी केल्या, गाइड मंडळींनी प्रयोगशाळा बंद पडतील असे सांगितले. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने (एनआयएच) आपल्या फेलोशिपचा प्रवेश दर 43,692 वरून 47,484 डॉलरवर नेण्याचे जाहीर केले. मग 22 नोव्हेंबरला, अंमलबजावणीला आठवडाभर उरला असताना, टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयाने नियमाला स्थगिती दिली. कायद्याचे बंधन संपले. तरीही एनआयएचने वाढ कायम ठेवली, आणि अनेक विद्यापीठांनीही. काहींनी माघार घेतली. ज्यांनी जाहीर केलेला पगार पाळला त्यांचे त्यापायी दिवाळे निघाले नाही. पुढे 14 नोव्हेंबर 2022 रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठात पोस्टडॉक, शिक्षण-सहायक आणि इतर संशोधक मिळून सुमारे 48 हजार जणांनी संप केला आणि पोस्टडॉकांनी बहुवर्षीय करार मिळवला. 2023च्या अखेरीस एनआयएचच्या सल्लागार गटाने 70 हजार डॉलरची किमान रक्कम सुचवली. 2024 मध्ये एनआयएच 61,008 वर थांबली आणि पुढची वाढ अर्थसंकल्पावर सोडली. म्हणजे तिथेही पुरते मिळाले नाही. फरक एवढाच की तिथे किती कमी मिळाले याचा आकडा सर्वांसमोर आहे आणि त्यावर वाद घालता येतो.

एका टप्प्यावर मी विरोधकांचे म्हणणे मान्यही करतो. प्रकल्पाची रक्कम बांधील असेल आणि विद्यापीठाने काहीच भर घातली नाही, तर तीनच्या जागी दोन पोस्टडॉक नेमावे लागतील. जागा कमी होतील. पण आज जी तिसरी जागा आहे ती कुणाला परवडते? पीएच.डी. होईपर्यंत माणूस तिशीला येतो. पुण्यात 58 हजारांवरचे 30 टक्के घरभाडे म्हणजे 17,400 रुपये. बाणेर-पाषाणच्या बाजूला एवढ्यात वन बीएचके शोधून दाखवावा. गावी आईवडील, धाकट्याचे शिक्षण, कदाचित एक मूल. ही तिसरी जागा अशांच्या कामाची राहत नाही. ती घरून मदत येऊ शकणाऱ्यांसाठी राखीव होऊन जाते, आरक्षणाच्या कुठल्याही बिंदुनामावलीत नोंद न होता. फेलोशिपच्या जाहिरातींत महिलांना वयाची सवलत असते, आणि ती हवीच, पण ती मिळाल्यावर महिन्याचा खर्च भागला नाही तर सवलतीचा उपयोग अर्ज भरण्यापुरता. दोन पोस्टडॉक व्यवस्थित पगारावर, हा प्रयोगशाळेसाठी तीन अर्धपोटींपेक्षा बरा सौदा आहे, असे माझे मत. ज्यांना ते पटत नाही त्यांनी मधेच सोडून गेलेल्यांमुळे किती प्रयोग अर्धवट राहिले याची नोंद काढून पाहावी.

संशोधन पैशासाठी करायचे नसते, या वाक्यावर फार शाई खर्च करू नये. ते बोलणारा बहुतेक वेळा कायम पदावर असतो. 2023च्या हिवाळी अधिवेशनात, पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल विधान परिषदेत झाला तेव्हा विद्यापीठीय जगाने संताप व्यक्त केला, आणि तो रास्त होता. पण ज्ञानसाधनेची महती सांगून पगाराचा विषय टाळणारा प्राध्यापक आणि सभागृहातला तो प्रश्न, दोन्हींचा हिशेब शेवटी एकाच ठिकाणी जातो: या कामाची किंमत फारशी नाही.

महाराष्ट्रात एक आक्षेप असा येतो की ज्याला सहज उत्तर नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारे हजारो सेट-नेट, पीएच.डी. झालेले लोक राज्यात आहेत. त्यांना उन्हाळ्याच्या सुटीत काहीच मिळत नाही, आणि जे मिळते ते पोस्टडॉकच्या जवळपासही जात नाही. मग आधी त्यांचे बघा, पोस्टडॉक हे तुलनेने सुखी. ही तक्रार खरी आहे आणि तिची धार मला बोथट करायची नाही. पण तिच्यातून निष्कर्ष काय काढायचा? सर्वांत वाईट पगार मिळणाऱ्याला मापदंड मानले तर विद्यापीठात कुणाचीच वाढ कधी होणार नाही, आणि त्या तासिकावाल्याचीही नाही. जर्मनीत विद्यापीठातला पोस्टडॉक सार्वजनिक सेवेच्या वेतनकराराच्या तेराव्या श्रेणीत असतो, वाढ इतर सरकारी कर्मचाऱ्यांबरोबर वाटाघाटीने ठरते, सामाजिक विमा कापला जातो. तिथली कंत्राटे मुदतीची आणि त्रासदायक आहेत, त्यावर तरुण संशोधक भांडत आहेत. पण पगाराचा दर हा प्रत्येक गाइडच्या प्रकल्पावर सोडलेला नाही. तात्पुरती नेमणूक म्हणजे तात्पुरता दर, हे समीकरण अपरिहार्य नाही, एवढे यातून कळते. तासिका तत्त्वालाही तेच लागू पडते. एकदा विद्यापीठाने एका गटासाठी ‘सहायक प्राध्यापकाच्या वेतनाशी प्रमाण’ ही पद्धत स्वीकारली, की दुसऱ्या गटाला तीच नाकारताना कारण द्यावे लागेल.

शेवटी प्रश्न उरतो की विद्यापीठाला हे करता येते का. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 नुसार विद्यापीठाच्या पैशाचे निर्णय व्यवस्थापन परिषद घेते आणि अर्थसंकल्प अधिसभेपुढे जातो. विद्यापीठ निधीतून ‘पोस्टडॉक वेतन पूरक’ असे एक शीर्ष उघडायला मुंबईच्या मंत्रालयात किंवा दिल्लीत कुणाची परवानगी लागण्याचे कारण दिसत नाही. फेलोशिप देणारी संस्था मंजूर रकमेपेक्षा जास्त देणार नाही, हे ठीक. पण यजमान संस्थेने स्वतःच्या खिशातून भर घातली तर तिची हरकत कशाला असेल? आणि एक साधन तर बिनखर्चाचे आहे. कुठलाही प्रस्ताव दिल्लीला जाताना त्याला संस्थाप्रमुखाचे संमतिपत्र जोडावे लागते. कुलसचिव ते सहीला घेतात, मजकूर ठरावीक असतो, बहुतेक वेळा न वाचताच पुढे सरकतो. त्या संमतिपत्रासोबत मनुष्यबळाच्या शीर्षातील दर तळरेषेइतका आहे की नाही हे तपासणारी एक ओळ टाकली, आणि कमी असेल तर फरक कोण भरणार हे गाइडने आणि विद्यापीठाने तिथेच लिहून द्यायचे ठरवले, तर पहिला परिणाम पुढच्या प्रस्तावाच्या फेरीतच दिसेल. व्यवस्थापन परिषदेच्या एका ठरावाचे काम आहे. पुढचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे जाण्याआधी तो व्हायला हवा.